नावापुरते पोर्तुगीज

दादरच्या गोखले रोडला जायचे असेल तर टॅक्सीवाल्याला ‘पोर्तुगीज चर्च’ एवढेच सांगावे. ‘अवर लेडी ऑफ साल्वेशन’ हे त्याचे खरे नाव फारसे कुणाच्या तोंडी नाही. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये हे चर्च स्थापले. पुढे १६६१ च्या विवाहकराराने राजकन्या कॅथरीनबरोबर मुंबई इंग्रजांना आंदण गेली. पोर्तुगीज गेले, नाव राहिले.

आज दिसणारी वास्तू मात्र जुनी नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ती १९७४ ते १९७७ या काळात नव्याने उभी केली. मनोरे, कमानी शोधत येणारा थोडा हिरमुसतो. समोर दिसतात ती काँक्रीटची उंच निमुळती छपरे. तापलेली हवा त्यांतून वर निघून जाते आणि मोकळ्या अंगणांतून वारा आत शिरतो. मुंबईच्या उकाड्यावर काढलेला हा साधा तोडगा आहे. काही जागा छपराखाली, काही आभाळाखाली. येशूचा बाप्तिस्मा, त्याची शिकवण आणि त्याचे बलिदान, या क्रमाने इथल्या जागा एकमेकींना जोडल्या आहेत.

सुरुवात पाण्यापासून होते, हे मला फार भावते. मशिदीत आम्ही आधी वजू करतो, देवळात जाणारा पाय धुतो. अंगण तर वाड्यालाही असते आणि मशिदीलाही.

जुने गेले याची हळहळ मलाही वाटते. पण प्रार्थना दगडात नसते, ती रोज येणाऱ्या माणसांत असते. ती माणसे टिकली, म्हणून चर्च टिकले.

आता पाहा, कोरिया मूळ गोव्याच्या घराण्यातले. इथल्या घुमटाच्या रंगांना हात लागला तो मकबूल फिदा हुसेन यांचा, आणि त्यांचा जन्म पंढरपूरचा! वारा आपल्या अरबी समुद्राचा. यात पोर्तुगीज ते काय उरले?

‘तुमचे मराठी इतके चांगले कसे?’ असे मला अजून विचारतात. कौतुकानेच विचारतात. पण त्या कौतुकात मी बाहेरचा ठरलेलो असतो. चारशे वर्षे इथे राहूनही चर्च ‘पोर्तुगीज’च राहते, तसेच हे. नाव बदला, असे मी म्हणणार नाही. नावात इतिहास असतो, तो असू द्यावा. फक्त नाव ऐकून पत्ता ठरवू नये. या चर्चचा पत्ता दादर आहे.