नळीच्या तोंडाशी पास, ओढ्यात नापास

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)



आपल्या सभेत दर महिन्याला आकडेच असतात. बचत किती, हप्ता किती, थकबाकी किती. आज आणखी दोन-चार आकडे सांगते. मासळीच्या धंद्यासाठी ज्यांनी गटातून कर्ज घेतलंय, त्यांच्या हप्त्याशी ते जोडलेले आहेत.

कारखान्याचं सांडपाणी नदी-ओढ्यात सोडायला मर्यादा आहे. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मध्ये बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 30 मिलिग्रॅम दिली आहे. बीओडी म्हणजे काय? पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू खातात, त्याचं माप. घाण जास्त असली की जंतू जास्त खातात, माशांच्या वाट्याला कमी उरतो. मासे जगायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

आता खरी मेख ऐका. ही 30 ची मर्यादा नळीच्या तोंडाशी मोजतात, ओढ्यात नाही. एक हंडा सांडपाणी नऊ हंडे स्वच्छ पाण्यात मिसळलं, तर 30 चे 3 होतात. उन्हाळ्यात ओढा आटला आणि एका हंड्याला एकच हंडा उरला, तर तेच 15 होतात. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. म्हणजे कारखाना कागदावर पास आणि ओढा नापास, हे एकाच दिवशी होऊ शकतं.

नियमात माशांची चाचणीही आहे. सांडपाण्यात मासे सोडायचे, 96 तासांनी शंभरातले 90 जगले पाहिजेत. पण अंडी, पिल्लं, पुढची वीण यांचा हिशेब त्या चार दिवसांत लागत नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्याने वर येतात. त्याच वेळी गढूळ पाण्याआडून कुणी सांडपाणी सोडलं, तर पटकन कळतही नाही. वीण गेली की पुढच्या हंगामाची कमाई गेली. हप्ता मात्र थांबत नाही.

मग आपण काय करायचं?

पहिलं, गटाच्या रजिस्टरात एक पान ओढ्याचं ठेवा. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, फेस लिहा. पहाटे जरूर बघा, कारण रात्रभरात प्राणवायू सगळ्यात कमी झालेला असतो. मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर तेही लिहा.

दुसरं, मेलेले मासे खाऊ नका, विकू नका. फोटो काढा. ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या. आपण बाटलीत भरलेलं पाणी कोर्टात टिकत नाही, मंडळाच्या अधिकाऱ्याने कायद्याच्या रीतीने घेतलेला नमुना लागतो. म्हणून उशीर नको, पाणी वाहून जातं.

तिसरं, प्रत्येक कारखान्याच्या संमतीपत्रात किती आणि कसं पाणी सोडायचं ते लिहिलेलं असतं. काहींना तर थेंबभरही बाहेर सोडायची मुभा नसते. जल कायदा, 1974 च्या कलम 25 प्रमाणे मंडळाकडे या अटींची नोंदवही असते, आणि त्या नळीचा ज्याला त्रास होतो त्याला ती बघायचा हक्क आहे. अर्ज ग्रामसंघाच्या लेटरहेडवर करा.

अशा लढ्याला फळ येतं का? तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध पालघरच्या मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई भरायला सांगितली. वर्षं लागली, पण दखल घ्यावी लागली.

आपण रुपया-रुपयाचा हिशेब ठेवतो. ओढ्याचाही ठेवू या. पुढच्या सभेला प्रत्येक गटाने आपलं ओढ्याचं पान घेऊन यायचं, रिकामं असलं तरी चालेल, तारीख तेवढी टाका.