घाटात दम सोडणारी व्हॅन



घरात जुना, गोल बटणाचा रेडिओ असेल तर आठवा. बटण फिरवलं की आवाज सावकाश वाढतो. बटण आतून झिजलं की मध्येच खरखर होते, एखाद्या जागी आवाज गप्पच होतो. आमच्या गटाच्या व्हॅनच्या इंजिनात असंच एक बटण आहे. त्याच्या नावाखाली गटाचे साडेतीन हजार रुपये गेले, तेच आज सांगायला आलेय.

गटानं कर्ज काढून जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. पापड, शेवया, चटण्या सातारला पोचवायच्या, येताना किराणा भरून आणायचा. चालवते मी. सातारहून कोरेगावपर्यंत गाडी शहाण्यासारखी यायची. वर्धनगडचा घाट लागला की मात्र धक्के. ॲक्सिलरेटर दाबावा तर उचल घ्यायच्या ऐवजी गाडी दम सोडायची, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. मागं भरलेला ट्रक हॉर्न मारतोय, आणि मागच्या सीटवर दोघी देवाचं नाव घेत बसलेल्या.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला, पी ०१२२. "थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेला, ताई." बदलला. पंधरा दिवसांनी त्याच घाटात तेच. मग म्हणाले, कॉम्प्युटर गेला असेल. त्याचा आकडा ऐकून मासिक बैठकीत गाडी विकायचा विषय निघाला. हप्ते तर अजून बाकी होते.

माझं माहेर मिरजेचं. भाचा आयटीआय करून मोटार मेकॅनिक झालाय. दिवाळीला आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, हा कोड सर्किटचा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, वायरी, जोड, सगळंच आलं. सेन्सरच गेला असं कोड कुठं सांगतो?"

सीट उचलून त्यानं इंजिन उघडं केलं आणि मला शेजारी बसवून दाखवलं. ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. ती किती उघडली हे सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो, त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. आमच्या गाडीत त्याला तीन वायरी. एकीतून कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थची, तिसरी निरोपाची. झडप बंद असताना निरोप साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की चारच्या वर.

चावी चालू, इंजिन बंद. त्यानं मीटर लावला आणि मला म्हणाला, "सावकाश दाबा." आकडा ०.६ वरून चढत चढत ४.३ वर गेला, मध्ये कुठंच अडखळला नाही. म्हणजे बटण झिजलेलं नव्हतं. मग त्यानं मीटर पाच व्होल्टच्या वायरीवर लावला आणि वायरींची जुडी हातानं हलवत मागं गेला. बॅटरीजवळ आल्यावर आकडा एकदम शून्य.

टेप सोडली तर आत उंदरानं कुरतडलेली वायर, तांबं हिरवं पडलेलं, दोनच तारा धरून होत्या. आमची व्हॅन कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते, दुसरं काय होणार! घाटातच का व्हायचं, तेही तेव्हा कळलं. चढाला जोर लागला की इंजिन रबरी माउंटिंगवर थोडं कलतं, जुडी ओढली जाते आणि तुटकी वायर सुटते. सपाटीला परत चिकटते.

त्यानं खराब तुकडा कापून नवा जोडला, झाळण केलं, वर आकसणारी नळी चढवली. नुसती टेप गुंडाळू दिली नाही. सामान शंभराच्या आत.

तुमच्या गाडीला असं झालं तर पार्ट आणायच्या आधी विचारा: कोडचा नंबर काय? सेन्सरपाशी पाच व्होल्ट येतात का? वायरी हलवून पाहिल्या का? पी ०१२३ आला तर निरोप वाजवीपेक्षा जास्त येतोय, तेव्हा अर्थची वायर आधी बघायची. पाच व्होल्ट कायमचेच नसतील, तर त्याच वायरीवरचा दुसरा एखादा सेन्सर ते खात असू शकतो. एकेकाचा जोड काढून बघतात. आणि निरोपाची वायर पुढं तुटली असेल तर सेन्सरपाशी सगळं ठीक दिसतं, म्हणून कॉम्प्युटरच्या टोकालाही मोजायला सांगा. वायरीत टाचणी खुपसू देऊ नका, त्या भोकातून पाणी शिरतं. जोडाच्या मागच्या बाजूनं मोजता येतं.

नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते, झडप मोटरनं उघडते. तिथं चावी चालू असताना झडपेत बोट घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पन्नास किलोची चार पोती भरून मी भाच्याला घेऊन वर्धनगड चढले. दिवा लागला नाही. जुना सेन्सर मी गॅरेजमधून मागून आणला होता. भाच्यानं तोही मोजला, धडधाकट निघाला. तो आता गटाच्या पेटीत, पासबुकाच्या शेजारी ठेवलाय.