बाबांचा ज्यूस मीच सुरू केला होता

हेडफोन लावून बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, की ऑफिसात काम करतोय असं दाखवत असाल, सगळ्यांचं स्वागत. (कोण काय करतंय ते मला माहीत आहे. मीही तेच करतो.)

आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. फळं आणा, धुवा, सोला, चिरा, एवढं कोण करणार? त्यापेक्षा डब्यातला नाहीतर बाटलीतला ज्यूस प्यायला, तर फळ खाल्ल्यासारखंच ना?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, डायटिशियन पण नाही. बीटेक करून हिंजवडीत कोड लिहितो. पण या विषयात माझ्या हातून एक मोठा घोळ झालाय. तो सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप येईल.

आईबाबा अमरावतीला असतात. बाबा मूळचे वरुडकडचे. संत्र्याच्या बागांमध्येच लहानाचे मोठे झालेले, काकांची बाग अजून आहे. बाबांना आठ वर्षांपासून शुगर आहे. त्यात मागे दोन दाढा काढल्या, आणि फळं खाणं जवळपास बंदच झालं. आई फोनवर म्हणायची, "पेरू चावत नाही, सफरचंद चावत नाही, काय देऊ यांना?"

मग लेकाने काय करावं? लेकाने ॲप उघडलं. महिन्याला एक एक लिटरचे बारा डबे, ऑर्डर रिपीटवर टाकली. ऑरेंज ज्यूस. डब्यावर मोठ्या अक्षरात 'नो ॲडेड शुगर'. मला इतकं समाधान वाटलं होतं म्हणून सांगू! लांब राहून आपण बाबांच्या तब्येतीची काळजी घेतोय, असं.

बाबा सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास, न चुकता. पोराने पाठवलंय ना.

पाच-सहा महिन्यांनी एचबीएवनसी केली. म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची रक्तातली साखर सरासरी किती होती, ते सांगणारी टेस्ट. आधी ७.२ होती, आता ८.६. डॉक्टरांनी विचारलं, "काका, खाण्यात काय बदललं?" काहीच नाही. चहा बिनसाखरेचा, भात अर्धी वाटी, गोडाला हात नाही. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. ज्यूसचं नावही निघालं नाही, कारण आमच्या घरात कुणाच्या डोक्यात तो 'गोड' या खात्यात नव्हताच. तो 'फळ' या खात्यात होता.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा फ्रिजमधला डबा सहज फिरवून मागची बाजू वाचली. शंभर मिलीमध्ये शुगर साधारण १० ग्रॅम. दोनशे मिलीचा ग्लास म्हणजे २० ग्रॅम. दोन ग्लास, ४० ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर पाच ग्रॅमचा धरा. आठ चमचे झाले! सहा वर्षांपूर्वी आईने बाबांच्या दोन कप चहातली साखर बंद केली होती, ती मोजून दोन चमचे होती.

आणि डब्यावरचं वाक्य खोटं नव्हतं हां. वरून साखर घातलेली नव्हतीच, ती फळाचीच होती. इथेच आपण फसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यात 'फ्री शुगर' म्हणून जी मर्यादेत ठेवायला सांगितलीय, तिच्यात चहातली साखर येते, मध येतो, आणि फळांच्या रसातली साखर पण येते. अख्ख्या फळातली मात्र येत नाही. मर्यादा किती? दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरी धरल्या तर ५० ग्रॅम. निम्म्यावर आणता आली तर अजून चांगलं. बाबांचे ४० ग्रॅम तर फक्त ज्यूसमध्येच जात होते.

आता इंजिनिअर डोक्याला प्रश्न पडतो, की साखर तीच, संत्रं तेच, मग संत्र्यात असताना माफ आणि रसात आली की गुन्हा, हे कसं काय?

यावर एक जुना प्रयोग आहे, मला फार आवडतो. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दहा निरोगी माणसं घेतली. त्यांना वेगवेगळ्या वेळी अख्खी सफरचंदं, सफरचंदाचा लगदा आणि गाळलेला रस दिला. तिन्हींत कर्बोदकं सारखीच, ६० ग्रॅम. तर रस अख्ख्या सफरचंदांपेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला. अकरा पट! पोट भरल्याची भावना सफरचंदाने सगळ्यात जास्त, लगद्याने त्याहून कमी, रसाने सगळ्यात कमी.

आणि पुढचं नीट ऐका, कारण इथे रील्सवाले गडबड करतात. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारख्याच उंचीवर गेली. म्हणजे 'ज्यूसने शुगर दुप्पट वाढली' असं काही दिसलं नाही. फरक दोन ठिकाणी दिसला. तेवढीच साखर आवरायला रसाच्या वेळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडावं लागलं. आणि नंतर साखर धपकन खाली आली, सफरचंद खाल्ल्यावर तशी आली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर रिस्पॉन्स तोच आला, पण सर्व्हरवर लोड जास्त पडला. निरोगी माणसाचा सर्व्हर तो लोड घेतो. बाबांचा आठ वर्षांपासून कुरकुरतोय.

फळात साखर पेशींच्या आत कोंडलेली असते, बाहेर तंतूंच्या भिंती. चावायला वेळ लागतो. पोटात पेक्टिनसारखे तंतू पाण्यात फुगून चिकट होतात, त्यामुळे पोट हळूहळू रिकामं होतं. हा फळाचा रेट लिमिटर. रस काढून गाळला की आपण नेमका तोच काढून टाकतो. शिवाय दोनशे मिलीला दोन-तीन संत्री लागतात. बाबा एका बैठकीला तीन संत्री कधी खायचे नाहीत, ग्लास मात्र पेपर वाचता वाचता संपायचा.

मोठ्या पाहणीतही हेच दिसलंय. २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांहून जास्त लोकांचा बरीच वर्षं चाललेला अभ्यास आला. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांमध्ये टाइप टू मधुमेह कमी दिसला. ज्यूस जास्त पिणाऱ्यांमध्ये जास्त दिसला. हे निरीक्षण आहे. फळं खाणारी माणसं इतर बाबतीतही शिस्तीची असू शकतात, त्यामुळे ज्यूसनेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता डब्याबद्दल थोडं. बरेचसे डबे कॉन्सन्ट्रेटपासून बनतात. रसातलं पाणी उडवून तो पाकासारखा घट्ट करतात, मग कारखान्यात पुन्हा पाणी घालून पातळ करतात. पाणी उडताना वासही उडतो, तो पकडून परत मिसळतात. अशा रसाला 'रिकन्स्टिट्यूटेड' म्हणतात. जून २०२४ मध्ये आपल्या एफएसएसएआयने कंपन्यांना सांगितलं, की अशा रसावर '१०० टक्के फ्रूट ज्यूस' हा दावा लिहायचा नाही, असलेला काढून टाका. आणि किलोला १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर 'स्वीटन्ड ज्यूस' असं लिहायला हवं. हे तरी ज्यूसचं झालं. ज्यावर 'फ्रूट ड्रिंक' असतं, त्यात फळ कमीत कमी १० टक्के असलं तरी नियमात बसतं. बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. आपण लहानपणी आंबा म्हणून काय काय प्यायलोय बघा.

आमच्या नागपुरी संत्र्याची तर वेगळीच गंमत. त्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होतो, लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे. प्रोसेसिंगवाल्यांची ही जुनी डोकेदुखी. काका नेहमी म्हणायचे, "रस काढला का लगेच पी, नाहीतर फेक." त्यांना लिमोनिन माहीत नव्हतं, अनुभव होता.

बरं, कोल्ड प्रेस्ड? व्हिटॅमिन थोडं जास्त टिकत असेल, साखर तेवढीच आणि भाव तिप्पट. घरी मिक्सरमध्ये फिरवून न गाळता पिणं गाळलेल्यापेक्षा बरं, पण पिण्याचा वेग आला की प्रमाण वाढतंच.

तर मी दिवाळीतच जाहीर केलं, ज्यूस बंद. बाबा चकित. "अरे, तूच तं पाठवतो ना!" मला काही उत्तर सुचेना. उरलेले डबे आईने फेकू दिले नाहीत. "पाहुण्यांना होतील," म्हणाली.

आणि इथे मी दुसरा घोळ केला. ज्यूस बंद केला, पण डॉक्टरांना कळवलंच नाही. गोळीचा वाढलेला डोस तसाच चालू. बाबांची ती गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी. चौथ्या दिवशी बँकेत काम होतं, जेवायला दोन वाजले. घरी आले ते घामाने भिजलेले, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. मशीनवर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे धोका.

आई संत्रं सोलायला लागली. मी म्हटलं, "आई, संत्रं नको, डबा दे." फ्रिजमधला तोच ज्यूस, साधारण दीडशे मिली, म्हणजे १५ ग्रॅम साखर. बाबा शुद्धीत होते, गिळू शकत होते, म्हणूनच दिला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८४. मग त्यांना जेवायला वाढलं आणि मी खाली जिन्यात जाऊन जरा वेळ बसलो.

ज्या वेगाची मी चार दिवस नालस्ती करत होतो, त्याच वेगाने बाबा सावरले. सोललेल्या संत्र्याने तेवढ्या घाईत ते जमलं नसतं.

डॉक्टरांनी फोनवर मला चांगलंच झापलं. बरोबरच होतं. डोस परत कमी केला. तुमच्या घरी कुणी शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल आणि खाण्यात असा मोठा बदल करणार असाल, तर आधी डॉक्टरांना सांगा. हा एपिसोड ऐकून आज रात्री घरातले डबे जप्त करू नका, प्लीज.

पुढच्या तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.५ आली. बाबा रोज चालायलाही लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय ज्यूस बंद केल्याला देत नाही. दाढांचं काय केलं म्हणाल, तर आई आता संत्र्याच्या फोडी वरचं पातळ सालपट काढून, बिया काढून देते. कधी पपई, वाटीभर मोजून. पपईला दात लागतात कुठे? सहा वर्षं ही पपई आमच्या भाजीवाल्याकडे समोरच होती, आणि मी पुण्यातून ऑरेंज ज्यूस धाडत होतो, तोही संत्र्याच्या गावच्या माणसाला.

ऑर्डर मी बदलली. आता दोन महिन्यांतून एकदा छोट्या दोनशे मिलीच्या डब्यांचं एक पाकीट जातं. एक बाबांच्या स्कूटरच्या डिकीत, एक आईच्या पर्समध्ये, बाकी फ्रिजच्या दारात. त्यावर आईने मार्करने लिहिलंय, 'चक्कर आली तरच'. मागच्या महिन्यात माझा भाचा आला होता, त्याने ते वाचलं, दोन मिनिटं विचार केला, आणि सोफ्यावर आडवा होऊन म्हणाला, "आजी, मला चक्कर येतेय."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरच्या डब्यामागे काय लिहिलंय ते वाचा आणि व्हॉइस नोटवर मला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात.