एक नाव गाळले तर...



१ एप्रिल २०२० रोजी मुंबईच्या धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत लाखोंची वस्ती, एका खोलीत आठ-दहा माणसे, सामायिक शौचालये. तेथे अंतर राखणार तरी कसे? महापालिकेने रुग्ण येण्याची वाट न पाहता त्याचा शोध घेतला. स्थानिक डॉक्टर घरोघर गेले. रुग्णांच्या निकट सहवासातील व्यक्तींना शाळा व सभागृहांत विलग ठेवून त्यांच्या भोजनाची सोय केली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या कार्याची प्रशंसा केली.

या शोधाचा आधार होता रुग्णाने दिलेली खरी माहिती. बदनामीच्या भयाने एक नाव गाळले, तर त्या घरातील वृद्धाला उपचार मिळण्यास विलंब होतो. नाव सांगणे ही चुगली नव्हे, ती त्या कुटुंबाची काळजी आहे. आणि ज्याचे नाव आले, त्याच्या दारी बहिष्कार नव्हे, जेवणाचा डबा पोहोचावा.

हात धुणे, खोकला असता मुखपट्टी बांधणे, ताप असता समारंभ टाळणे, या सवयी साथ ओसरली तरी जपाव्यात. पुन्हा साथ आलीच, तर दारी आलेल्या आरोग्यसेविकेला खरे सांगावे, एवढीच नम्र विनंती.