दाम आणि ड्रॅम

मंगळवेढें म्हटलें कीं दामाजीपंत आठवतात. दुष्काळांत लोक अन्नावांचून मरूं लागले, तेव्हां बेदरच्या बादशहाचीं धान्याचीं कोठारें त्यांनीं मोकळीं केलीं. आणि विठोबानें विठू महाराचें रूप घेऊन त्या धान्याचे दाम दरबारांत चुकते केले. महीपतीनें 'भक्तविजयां'त वर्णिलेली ही कथा घरोघर ठाऊक आहे. परंतु ती सांगतांना सहज ओठांवर येणारा 'दाम' हा शब्द मूळचा कोठला, याची चौकशी क्वचितच होते.

हा शब्द ग्रीक होय. ग्रीकांच्या रुप्याच्या नाण्याचें नांव 'द्राख्मे'. वायव्य हिंदुस्थानांत यवन राजांचीं नाणीं चालूं लागलीं, तेव्हां त्यांबरोबर हें नांवही आलें आणि संस्कृतांत 'द्रम्म' झालें. भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त (इ. स. ११५०) सोळा पणांचा एक द्रम्म, असें कोष्टकच दिलें आहे. पुढें 'कर्म'चें 'कम्म' व 'काम' झालें, त्याच रीतीनें 'द्रम्म'चें 'दम्म' व 'दाम' झालें. आपली 'दमडी'ही याच कुळांतली.

तोच शब्द लॅटिनच्या वाटेनें इंग्रजींत गेला आणि 'ड्रॅम' होऊन औषधाच्या दुकानांत माप म्हणून राहिला. इंग्रजी 'सेंटर' व आपलें 'केंद्र' हीं अशींच एका ग्रीक 'केंत्रॉन'चीं अपत्यें; तासाला इंग्रजींत म्हणतात तो 'अवर' व ज्योतिष्यांचा 'होरा' यांचेंही माहेर एकच.

मात्र केवळ ध्वनि जुळला म्हणून नातें जुळत नाहीं. 'अहोरात्र' या शब्दाचीं आद्य व अंत्य अक्षरें गाळून 'होरा' झाला, असें कित्येकांचें मत वराहमिहिरानें नोंदविलें आहे. तें चतुर असलें तरी खरें नव्हे. 'दामाजी' हें नांवही तेवढ्यावरून 'दामा'शीं जोडूं नये. शब्दानें कोणत्या वाटेनें प्रवास केला, हें दाखवितां आलें पाहिजे.

परकी शब्द भाषेबाहेर घालवावे, असा आग्रह अधूनमधून धरला जातो. तो अक्षरशः पाळावयाचा, तर विठोबानें भरलेले दामही परत करावे लागतील! 'द्राख्मे'चा मूळ अर्थ 'मूठभर' असा आहे. नाण्यांपूर्वी ग्रीक लोक लोखंडी सळया मुठीच्या हिशेबानें मोजीत. मूठभर जोंधळ्याचें मोल दुष्काळांत दामाजीपंतांनीं जाणलें. त्या मोलाला मराठीनें जो शब्द दिला, तो दूर देशींच्या मुठींतून आला, यांत मराठीला उणेपणा कसला?