परागंदा विद्वान आणि आपण

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



२८ फेब्रुवारी म्हटले की सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८च्या संशोधनाचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. मी मात्र आज त्यांच्या एका अपयशाविषयी बोलणार आहे. ते त्यांचे एकट्याचे नव्हते. त्याची किंमत देशाने मोजली.

७ एप्रिल १९३३ रोजी हिटलरच्या राजवटीने कायदा करून ज्यूंना व राजकीय विरोधकांना सरकारी सेवेतून दूर केले. जर्मन विद्यापीठे सरकारी असल्याने थोर थोर प्राध्यापक रस्त्यावर आले. पुंजयामिकीच्या शिल्पकारांपैकी एक, गटिंगेनचे मॅक्स बॉर्न, त्यांतलेच.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज तेव्हा व्हिएन्नात होते. बडतर्फ प्राध्यापकांची नावे त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि परतताच हालचाल सुरू केली. मे १९३३मध्ये विद्वानांच्या साहाय्यासाठी परिषद उभी राहिली. अर्नेस्ट रदरफोर्ड अध्यक्ष झाले, रॉयल सोसायटीने कार्यालयाला जागा दिली. सरकारी तिजोरीकडे डोळे लावून कोणी बसले नाही. प्राध्यापकांनी आपल्या वेतनातून वर्गणी काढली. विवाहित संशोधकाला वर्षाला २५० पौंड, अविवाहिताला १८२, असा साधा हिशेब होता. सारा पत्रव्यवहार सांभाळला एस्थर सिम्पसन या बाईंनी. आपल्याकडे ज्याला पडद्यामागचा कार्यकर्ता म्हणतात, तशा त्या होत्या.

ब्रिटनचे निव्वळ गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. १९४०मध्ये युद्ध दाराशी येताच याच ब्रिटनने आश्रितांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले. मॅक्स पेरुट्झ यांना तर थेट कॅनडाला धाडले. तेव्हाही वैज्ञानिकांनीच एकेकाच्या सुटकेसाठी खटपट केली. १९६२ साली पेरुट्झ यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता बंगळुरूकडे वळू. ज्या संशोधनसंस्थेच्या कल्पनेसाठी जमशेटजी टाटांनी १८९८मध्ये स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिले, ती भारतीय विज्ञान संस्था. १९३३मध्ये रामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या निमंत्रणावरून १९३५मध्ये बॉर्न सपत्नीक आले आणि सुमारे सहा महिने राहिले. त्यांना कायमचे प्राध्यापकपद द्यावे, असा रामन यांचा आग्रह होता. पण सभेत, खुद्द बॉर्न यांच्यासमोर, एक इंग्रज प्राध्यापक उठले आणि मायदेशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परकीय आम्हाला नको, अशा आशयाचे बोलले. घरी परतल्यावर आपल्याला रडू कोसळले, असे बॉर्न यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पद मिळाले नाही. १९३६मध्ये ते एडिनबराला गेले; १९५४ साली त्यांना नोबेल मिळाले.

पारशी बांधवांना संजाणला जवळ करणारा हा देश! दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या पोलिश मुलांना १९४२मध्ये नवानगरच्या जामसाहेबांनी आश्रय दिला. पुढे आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची अख्खी वसाहत नांदली. आश्रयधर्म आपल्या समाजाच्या रक्तात आहे, पण परक्यांच्या राज्यात तो संस्थांच्या नियमावलीत उतरला नाही. स्वराज्यात तरी कितीसा उतरला?

प्रश्न जुना नाही. २०२२मध्ये रशियाच्या आक्रमणानंतर खारकीव्हच्या भौतिकी संस्थेवर मारा झाला. युरोपीय संघाने युक्रेनच्या संशोधकांसाठी अडीच कोटी युरोंच्या अभ्यासवृत्ती जाहीर केल्या. अनेक प्रयोगशाळांनी आपल्याकडे जागा देऊ केल्या. लष्करी वयाच्या बहुतेक पुरुषांना मात्र देश सोडण्याची मुभा नव्हती. त्यांना तिथेच बसून काम करता येईल, अशी मदत हवी होती. आपले हजारो वैद्यकीय विद्यार्थी 'ऑपरेशन गंगा'तून सुखरूप परतले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्यांना शिकवणारे प्राध्यापक मागेच राहिले.

या सभागृहात विद्यापीठांच्या अधिसभांवरील काही मंडळी बसली आहेत. त्यांना माझी विनंती आहे : येत्या अंदाजपत्रकात युद्धग्रस्त देशातील संशोधकासाठी दोन वर्षांच्या एका पदाची तरतूद मागा. वेतन, निवास आणि ग्रंथालय, एवढे पुरे. निवड त्याच्या कामावरून व्हावी, आणि निवडीच्या सभेत त्याला समोर बसवू नये.