आठ बिऱ्हाडांची इमारत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मुंबईस गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तोच आदर्श समोर ठेवून मंडळातील आम्ही आठ कुटुंबांनी या परप्रांतात तळमजला व वर तीन मजले अशी इमारत उभारली. भविष्यनिर्वाह निधीची पुंजी तीत घातलेली. चूक परवडणारी नव्हती.

आमचा अनुभव असा, की सिमेंट-लोखंडाच्या भावापेक्षा मालकांच्या बदलत्या मनानेच खर्च अधिक वाढतो. स्लॅब पडल्यावर एकाने स्वयंपाकघराची जागा बदलली. सांडपाण्याचे पाईप खालपर्यंत नव्याने फिरवावे लागले आणि भुर्दंड आठांवर आला. तेव्हा ठराव केला : बदल लेखीच मागावा, त्याची किंमत आधी काढावी व ती मागणाऱ्याने भरावी. कंत्राटदारास मोजमापवहीत नोंदलेल्या कामाचेच पैसे द्यावेत. अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा आकस्मिक खर्चासाठी राखावा.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के निराळ्या खात्यात ठेवावे लागतात. मूळ अधिनियमात आठांपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही. म्हणूनच लहान इमारत बांधणाऱ्यांनी हे बंधन आपण होऊन पाळावे.

घर उभे राहिले आणि स्नेह मोडला, तर परमुलुखात त्या भिंतींचे मोल काय? हिशेबाची वही आम्ही सर्वांना खुली ठेवली. म्हणून आमची आठही दारे आज परस्परांस खुली आहेत.